पाट काढलेली विळी

सर संगणकाला हात लावण्याआधी साबणाने हात धुवायचे आणि काम संपल्यावर पुन्हा धुवायचे. पहिलं धुणं संगणकासाठी, दुसरं स्वतःसाठी, एवढंच स्पष्टीकरण त्यांनी पटियाल्याच्या एका मुलाला कधीतरी दिलं होतं. प्रयोगशाळेच्या दाराबाहेर नळ होता. शेजारी खिळ्याला जाळीची पिशवी टांगलेली आणि तिच्यात साबणाची वडी. ओल्या हातांनी आत आलेला विद्यार्थी त्यांना चालायचा. कोरड्या हातांनी आलेल्याला ते परत पाठवायचे.

चंडीगढमधल्या एका खासगी कॉलेजात ते संगणक-चित्रांच्या प्रयोगशाळेचे कंत्राटी शिक्षक होते. मूळचे कराडकडचे. नकाशे काढण्याच्या नोकरीसाठी तरुणपणी इकडे आले, ती नोकरी संपली, ते राहिले. पदवी नव्हती, डिप्लोमा होता. म्हणून इतर प्राध्यापक त्यांना सर न म्हणता मास्टरजी म्हणत. उंची बेताची, अंगात खाकी एप्रन, खांद्याला कापडी पिशवी. लग्न केलं नव्हतं. सेक्टर ४६मध्ये एका घराच्या गच्चीवरच्या खोलीत राहायचे. मी त्यांच्या हाताखाली तीन वर्षं शिकले. माझे वडील तेव्हा इथल्या एअर फोर्स स्टेशनवर होते आणि वर्गात मराठी मी एकटीच होते.

पडद्यावरचं चित्र ते तपासत नसत. जुन्या उत्तरपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूला काळंपांढरं छापून आणायचं आणि खोलीत आडव्या बांधलेल्या दोरीला चिमट्याने लावायचं. मग सर दोरीपासून एकवीस पावलं मोजत दाराबाहेर व्हरांड्यात जायचे आणि वळून पाहायचे. तिथून जे दिसलं नाही ते चित्रात नाही, असा हिशोब. एकविसावं पाऊल मुलींच्या स्वच्छतागृहासमोर पडायचं. त्यावरून प्राचार्यांकडे दोनदा तक्रार गेली. सरांनी दोरी चार हात मागे बांधली. पावलं एकवीसच ठेवली.

संगणक-चित्रं शिकणारा जगातला बहुतेक प्रत्येक विद्यार्थी पहिल्यांदा एक किटली पाहतो. प्रकाश, सावली, चकाकी तपासायला हीच किटली कित्येक वर्षं वापरतात. ती अनेक सॉफ्टवेअरमध्ये तयारच मिळते. सरांच्या प्रयोगशाळेत तिला बंदी होती. कारण असं की, आपल्यापैकी कुणी ती किटली घासलेली नाही. ज्या वस्तूला हात लागलेला नाही ती काढायची नाही. प्रत्येक चित्रासमोर त्यांचा एकच प्रश्न असे, "इसको हाथ लगाया है?" नाही म्हटलं तर चित्र दोरीवरून उतरायचं. बंदी घालणाऱ्याचंच नाव मुलांनी केतली सर ठेवलं.

मराठीचाही एक नियम होता. प्रयोगशाळेत माझ्याशी ते फक्त हिंदीत बोलायचे. चारचौघांत दोघांपुरती भाषा काढायची नाही, असं त्यांचं मत होतं. उंबरा ओलांडला की लगेच, "काय गं पोरी, भाकरी केली का आज आईनं?" आणि पुन्हा आत पाऊल टाकलं की, "हाँ जी, आपका प्रिंट कहाँ है?"

पिशवीत डबा, साबण आणि व्हर्नियर कॅलिपर असायचा. व्हर्नियरने ते चहाच्या टपरीवरच्या कपाचा कान मोजायचे, सायकलरिक्षाची घंटा मोजायचे, कुणाच्या लग्नात वाढप्याच्या हातातला डाव मोजायचे. टपरीवाला त्यांच्यासाठी एक रिकामा कप बाजूला काढून ठेवी. "मास्टरजी, पहले नाप लो, फिर चाय डालता हूँ," म्हणायचा.

दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत वडिलांनी त्यांना जेवायला बोलावलं. सर बाहेरच्या खोलीत वडिलांशी बोलत होते. आत आई विळीवर नारळ खवत होती. तो आवाज ऐकला आणि सर वाक्य अर्धं टाकून उठले, सरळ स्वयंपाकघरात गेले. वडील त्यांच्या मागे, मी वडिलांच्या मागे. सर आईसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "वहिनी, जरा उठता का?"

आई उठली. सर पाटावर बसले. आधी नुसते बसले, एक गुडघा मोडून, बाई बसते तसे. मग पिशवीतून व्हर्नियर काढला आणि पात्याची जाडी, वाक, टोकाच्या खवणीचा घेर, पाटाची लांबी असं सगळं मोजून उत्तरपत्रिकांच्या पाठीवर लिहीत गेले. सव्वा तास. भरीत थंड झालं, भाकऱ्या वातड झाल्या. वडील दोनदा खाकरले. आई मात्र ओट्याला टेकून, नारळाची अर्धी वाटी हातात धरून बघत राहिली. सर गेल्यावर म्हणाली, "त्यांच्या आईची असणार अशीच."

तसंच होतं. सरांच्या आईची विळी ती गेल्यावर भावाने मोडीत घातली होती. त्यानंतर सर संगणकावर ती आठवणीतून उभी करत होते. पात्याचा वाक काही केल्या जमत नव्हता. तो आमच्या घरी सापडला. एकूण काम सात वर्षं चाललं, त्यातले पाच महिने धारेवरच्या एका रेघेत गेले. संगणकातली कड गणितासारखी तीक्ष्ण असते आणि म्हणून खोटी दिसते. खऱ्या धारेला घासल्याची बारीक पट्टी असते, उजेड तिच्यावर थांबतो. ती पट्टी त्यांना केसाएवढी हवी होती, दोन केसांएवढी नको होती.

वर्ग सुटल्यावर तासभर ते दार लावून हे काम करायचे. आत काय चाललंय हे कुणाला माहीत नव्हतं. सर लपून किटलीच बनवताहेत, अशी मुलांची पैज होती. मला माहीत होतं, कारण विळी आमची होती. मी एकदोनदा पाहिलंही होतं. संगणक बंद करण्याआधी ते पडद्यावरची विळी माऊसने फिरवून आडवी करायचे. आई काम झालं की तसंच करायची. विळी उभी ठेवून उठायचं नाही, घरात वावरणाऱ्या कुणाचा पाय पडेल.

त्यांना एक गोष्ट हवी होती. ही विळी त्या किटलीसारखी सगळ्यांना वापरायला मोफत द्यायची, विळी याच नावाने. पाट, पातं, खवणी असं सगळं होतं तिच्यात. किटलीपेक्षा जास्त चाचण्या घेता येतील असं त्यांनी मांडून दाखवलं होतं. संगणक-चित्रांची एक मोठी परिषद त्या हिवाळ्यात चंडीगढला भरायची होती. आयटी पार्कजवळच्या सभागृहात. सरांनी आयोजकांना अर्ज दिला आणि दुसऱ्या दिवशी चहानंतर पाच मिनिटं मिळवली. व्हरांड्यात ते मला भाषण म्हणून दाखवायचे. भाषण तीन वाक्यांचं होतं. "ये विळी है. इस पर ज़मीन पे बैठकर काम करते हैं. ले जाइए, सबकी है." उरलेल्या वेळात लोक फाइल उतरवून घेतील, असं त्यांनी धरलं होतं.

त्याच परिषदेने विद्यार्थ्यांसाठी पोस्टर स्पर्धा ठेवली होती. विषय परिषद हाच. निवडलेलं पोस्टर प्रवेशद्वाराच्या फलकावर, पुस्तिकेवर आणि पाहुण्यांच्या पिशव्यांवर छापणार होते. अट एक: पोस्टरमधलं सगळं स्पर्धकाने स्वतः बनवलेलं हवं.

आमच्या वर्गातल्या निम्म्या जणांनी शहरातलं उघड्या हाताचं स्मारक काढलं. सरांनी विचारलं, "इसको हाथ लगाया है?" एक जण म्हणाला, "सर, वो तो बहुत ऊँचा है." सर म्हणाले, "फिर नीचे का कुछ बना, बेटा."

माझ्याकडे काहीच नव्हतं. तीन कल्पना दोरीवरून उतरल्या होत्या आणि मुदतीला चार दिवस होते. त्या दिवशी सरांनी व्हरांड्यात मला पेनड्राइव्ह दिला. विळी पूर्ण झाली होती.

"आईला दाखव," ते म्हणाले. "खवणीचे दात बरोबर आलेत का, तेवढं विचार. मोजले मी, पण झिजलेल्या दाताचा अंदाज मला न्हाई. तिच्या हाताला ठाऊक असणार."

मी घरी गेले. आईला पेनड्राइव्ह दाखवला नाही. फाइल उघडली, पाट काढून टाकला आणि पातं नारिंगी पार्श्वभूमीवर उभं केलं. पाटाशिवाय ते विळीसारखं दिसत नव्हतं. मान उंचावलेल्या पक्ष्यासारखं दिसत होतं. खवणी म्हणजे डोकं, दात म्हणजे तुरा. खाली परिषदेचं नाव टाकलं आणि पोस्टरला 'उड्डाण' असं शीर्षक दिलं. रंग माझे होते, अक्षरं माझी होती, विळी तर आमच्याच घरातली होती. त्या चार दिवसांत हे मी स्वतःला किती वेळा सांगितलं ते मोजलेलं नाही. मुदतीच्या दिवशी पोस्टर थेट आयोजकांकडे पाठवलं. दोरीवर लावलं नाही. पेनड्राइव्ह परत करताना सरांनी दातांचं विचारलं, तेव्हा आई सध्या कामात आहे म्हणून सांगितलं.

शेवटच्या पाचांत माझं पोस्टर आलं. परिषदेच्या आठ दिवस आधी या पाच जणांनी तीन परीक्षकांपुढे उभं राहून आपापल्या चित्राविषयी बोलायचं होतं. जागा आमच्याच कॉलेजचं सभागृह. प्रोजेक्टर चालवायला सरांना बसवलं होतं. हे मला आत गेल्यावर कळलं.

माझं पोस्टर भिंतीवर आलं. मी सरांकडे पाहिलं नाही. आयटी पार्कमधल्या एका कंपनीतून आलेल्या परीक्षकाने पहिला प्रश्न विचारला, "मॉडेल आपने खुद बनाया है?"

"जी सर."

दुसऱ्या परीक्षक बंगाली बाई होत्या, बाहेरगावच्या प्राध्यापिका. त्या चष्मा पुसून बराच वेळ चित्राकडे बघत राहिल्या. मग त्यांचा चेहरा उजळला. "अरे, ये तो बोंटी है ना? हमारे घर में थी. माँ ज़मीन पर बैठकर इसी पे मछली काटती थी." त्या बाजूच्या परीक्षकांना हाताने वाक करून दाखवू लागल्या. "और ऊपर ये नारियल के लिए. वही है ना, बेटा?"

सात वर्षं सर ज्यासाठी बसले होते ते त्या क्षणी झालं होतं. पाट काढून टाकलेला, रंग बदललेला, आणि तरी हजार मैलांवरच्या एका बाईने तिच्या आईची वस्तू ओळखली होती. मी फक्त हो म्हणायचं होतं. हो म्हटलं तर पुढचा प्रश्न आला असता की चंडीगढमध्ये ही तुला कुठे सापडली, आणि त्याच्या उत्तरात सर आले असते.

"नहीं मॅम," मी म्हणाले. "ये बर्ड है. उड़ने से ठीक पहले."

"अच्छा. और ये दाँत?"

"कलगी है, मॅम."

बाई हसल्या, सभागृहही हसलं. उगाच घरची आठवण आली, असं काहीतरी त्या म्हणाल्या. कंपनीवाल्यांनी त्यांना विचारलं की आता मासे कुठे मिळतात, आणि पुन्हा हसणं झालं. पुढचं चित्र यायला हवं होतं, ते येत नव्हतं. तेव्हा मी सरांकडे पाहिलं. त्यांनी टेबलावरच्या बाटलीतलं थोडं पाणी हातावर घेतलं, हात एकमेकांवर चोळले, रुमालाने पुसले आणि मग पुढचं चित्र लावलं.

माझं पोस्टर निवडलं गेलं.

दुसऱ्या दिवशी मी प्रयोगशाळेत गेले. सर दोरीवरचे चिमटे काढून डब्यात टाकत होते. मागे दोन मुलं काम करत बसली होती. मी वाट पाहत होते की ते विचारतील, आणि विचारलं तर काय सांगायचं तेही ठरवून गेले होते. तीन वर्षांत त्या खोलीत ते माझ्याशी पहिल्यांदाच मराठीत बोलले.

"पाट काढलास व्हय गं," ते म्हणाले. "मग माणसानं बसायचं कुठं?"

आवाज चढलेला नव्हता. मुलांना वाटलं असेल, काही कामाचं विचारताहेत. सरांनी डब्याचं झाकण लावलं आणि हात धुवायला बाहेर गेले.

परिषदेच्या छापील कार्यक्रमात दुसऱ्या दिवशी चहानंतरची पाच मिनिटं नव्हती. आयोजकांपैकी एकाने सहज सांगितलं, "मास्टरजी का फोन आया था, फाइल करप्ट हो गई." सर प्रत्येक फाइलच्या चार प्रती ठेवायचे, त्यातली एक घरी गव्हाच्या डब्यात. ती करप्ट होणार नाही हे मला माहीत होतं. ती त्यांनी दाखवली असती तर फलकावरचं पातं आणि त्यांचं पातं एकच आहे हे पहिल्या पाच मिनिटांत सगळ्यांना दिसलं असतं. मग दोघांपैकी एक जण चोर ठरला असता. कोण, हे ठरवायला आयोजकांकडे पदवीची विद्यार्थिनी होती आणि डिप्लोमावाले कंत्राटी मास्टरजी होते. पण सरांनी त्या भीतीने माघार घेतली असं मला वाटत नाही. उत्तरपत्रिकांच्या पाठीवर सात वर्षांची मापं त्यांच्याकडे होती. ती दाखवली असती तर मी ठरले असते.

परिषदेच्या तिसऱ्या दिवशी सकाळी प्रवेशद्वारातला मोठा फलक जमिनीवर आडवा ठेवलेला सापडला. मोडला नव्हता, ओरखडाही नव्हता. वाऱ्याने पडला असेल, असं म्हणून कामगारांनी तो उभा केला. त्या सकाळी शहरात दाट धुकं होतं. तसं धुकं असताना वारा नसतो.

मला पाहुण्यांची एक पिशवी मिळाली होती. ती मी घरी कपाटात ठेवली आणि आईने भाजीसाठी काढली. बाजारात जाताना तिने ती उलटी करून झटकली, चित्र पाहिलं आणि उभी राहिली.

"ही आपली विळी," ती म्हणाली. "सरांनी केली ना गं?"

पिशवीवर नाव नव्हतं. मी हो म्हणाले.

तिने खवणीवरून बोट फिरवलं. "दात बरोबर आलेत. तिसरा झिजलाय, तोसुद्धा धरलाय त्यांनी. सांग त्यांना." पाट कुठे गेला, हे तिनेही विचारलं. छपाईत कापला गेला, असं मी सांगितलं.

मी सरांना तो निरोप दिला नाही. त्यासाठी पिशवीचा विषय काढावा लागला असता. मे महिन्यात त्यांनी स्वतःच कंत्राट पुढे घेतलं नाही. प्रयोगशाळेत नवे शिक्षक आले, दोरी निघाली, किटली परत आली.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. मी इथल्याच एका वर्तमानपत्रात काम करते. डेराबस्सीच्या एका औषध कारखान्यात बातमीसाठी गेले होते. वेष्टनांच्या विभागातून जाताना दोन खांबांमध्ये बांधलेली दोरी दिसली. तिला चिमट्यांनी औषधांच्या खोक्यांचे नमुने लावलेले होते. सर लांब, पॅसेजच्या टोकाला उभे होते. केस पूर्ण पांढरे झाले होते. मी दोरीजवळ होते, म्हणजे आमच्यात एकवीस पावलं असणार. ते चालत आले.

"आई कशी आहे?" त्यांनी विचारलं.

बरी आहे, वडील निवृत्त झाले, दोघं गावी असतात, असं सांगितलं. ते मान हलवत होते. मग तिथेच थांबले. मला बोलायला जागा देत होते. सोबतचा फोटोग्राफर म्हणाला, गाडी थांबली आहे. गाडी थांबू शकली असती. मी येते म्हणाले आणि निघाले.

आमच्याकडे चूक छापली गेली की दुसऱ्या दिवशी खुलासा देतात. त्याची रीत ठरलेली आहे. काय छापलं ते सांगायचं, खरं काय ते सांगायचं, दिलगिरी व्यक्त करायची. कारणं द्यायची नसतात. इतरांच्या चुकांचे असे कितीतरी खुलासे मी लिहिले आहेत. हा माझा: त्या पोस्टरवर पक्षी नव्हता. ती विळी होती. सरांनी केली होती. दिलगीर आहे.

मात्र हा मराठीतला खुलासा त्यांच्यापर्यंत पोचेल असं नाही. मराठी वाचायला इकडे काही मिळत नाही म्हणून ते कॅलेंडरची मागची बाजू वाचायचे. डेराबस्सी माझ्या ऑफिसपासून पाऊण तासावर आहे.

गेल्या आठवड्यात आईचा फोन आला. बोलता बोलता खवण्याचा आवाज येत होता. तीच विळी आहे अजून. मध्येच थांबून ती म्हणाली, "अगं, मी बघ कधीची विचारायची राहिलेय. तेव्हा सरांना सांगितलंस ना, दातांचं?"

मी हो म्हणाले.